पाहुण्यांना दिलेली माती

काल आधी आली ती माती तपासणारी चष्मेवाली, आणि तिच्यामागून तिचे कागदवाले साहेब. (थांब गं, आशीर्वाद राहिलेच! तुला नि बाळाला पोटभर आशीर्वाद. बाळाची सर्दी गेली का? माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतात.)

तर गेल्या आठवड्यात हीच मुलगी पिशवी आणि बाटली देऊन गेली होती. शेतातली माती नि विहिरीचं पाणी भरून ठेवा म्हणाली. तुझा बाबा बाजारात. मी शेतात जाऊन खुरपं मारलं, तर टणकन वाजलं! वीस वर्षं पोत्यावर पोती रासायनिक खत ओतून मातीची पार वीट झालीय, एक गांडूळ दिसेल तर शपथ. असली माती शिकल्यासवरल्या माणसांच्या हातात द्यायची? मला बाई लाज वाटली. मग परसातल्या माझ्या पालापाचोळ्याच्या खड्ड्यातली काळी भुसभुशीत माती दिली (वर चाळून!). पाणीही उकळून, गाळून दिलं.

काल निकाल आला. साहेब म्हणाले, अशी माती पंचक्रोशीत नाही, करताय तेच करत राहा. तुझा बाबा असा फुगला, की तिथल्या तिथे फोन करून आणखी दहा पोती खत मागवलं. पण पाण्याचा कागद वाचताना चष्मेवालीचं तोंड उतरलं. विहिरीत खत उतरलंय, तान्ह्या बाळाला घोटभरही द्यायचं नाही, उकळून तर आणखीच वाईट. एवढ्या चांगल्या मातीखाली असं पाणी कसं, म्हणून ती डोकं खाजवत बसली.

तान्हं बाळ म्हटल्यावर मला आपलंच बाळ आठवलं. पुढच्या महिन्यात तुम्ही येणार ना! सगळं सांगून टाकलं. साहेबांनी मातीचा कागद हळूच घडी करून खिशात घातला. तुझा बाबा म्हणाला, "आई, अगं परीक्षा मातीची होती, कॉपी तू केलीस!" चष्मेवाली मात्र हसत सुटली. माझा हात धरून म्हणाली, "आजी, हीच माती आता शेतात करा. खत कमी करा. वर्षं लागतील, पण पाणी सुधारेल." आणि तुझ्या बाबाला म्हणाली, आजींकडून शिका. या वयात मी मास्तरीण झाले बघ!

ता. क. ती दहा पोती काल संध्याकाळीच येऊन ओसरीत पडलीत. माझं कोण ऐकतंय? तू फोन करून खडसाव. पोती परत गेल्याशिवाय बाळाला आणणार नाही म्हण.

आणखी एक. तू खरंच यायची थांबू नकोस हं. बाळासाठी तपासलेलं पाणी आणायची सोय केलीय, दुपटी धुऊन ठेवलीत.

चष्मेवाली नि साहेब बुधवारी परत येतो म्हणालेत, खरी माती न्यायला.