पेटत्या दिव्यात स्पिरिट

प्रिय ठकू,

आज तुझी लेक घरी रडत आली असेल. तिचं वाफेवर फिरणारं चक्र मी प्रदर्शनात चालवू दिलं नाही. निवृत्त झाले तरी शाळा मला प्रकल्प तपासायला बोलावते, आणि मी फार खडूस आहे असं मुलं म्हणतात. म्हणू देत. तिला सांगितलं, मॉडेल मांड, चालतानाचे फोटो शेजारी लाव, पण टेबलावर आग नको आणि घट्ट बूच मारलेला डबा तर नकोच.

नववीत तू पत्र्याच्या डब्याची, खाली स्पिरिटचा दिवा ठेवून वाफेवर चालणारी बोट केली होतीस. महिनाभर प्रयोगशाळेत मी तुझ्या मागे लागायचे. चष्मा लाव, वेणी वर बांध, आधी दिवा विझव, गार होऊ दे, मगच स्पिरिट भर. तू वैतागायचीस, पण एकदाही चुकली नाहीस. प्रदर्शनाच्या दिवशी पाहुणे दाराशी आले आणि नेमका दिवा मंदावला. तू बाटली हातात घेऊन विचारलंस, "बाई, विझवू का आधी?" मी म्हटलं, "वेळ नाही गं, तसंच ओत."

ज्वाळा धारेवरून बाटलीपर्यंत चढली. टेबलावरची चादर ओढून मी तुझ्या डाव्या हाताला गुंडाळली, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. दवाखान्यात तुझे बाबा उलट मलाच धीर देत होते. मला ते ऐकवेना, तरी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी अहवाल मागितला. नोकरी नवी होती. मी लिहिलं, 'विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे.' पुढे तू हाताला पट्टी बांधून वर्गात आलीस आणि काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, तू मला पाठीशी घालते आहेस. त्या समजुतीवर मी इतकी वर्षं काढली.

आज तुझी लेक डोळे पुसत म्हणाली, "आईने घाई केली म्हणून तिचा हात भाजला. ती स्वतःच सांगते. मी नाही करणार घाई." म्हणजे तू मला पाठीशी घालत नव्हतीस. तुला खरंच तसं वाटतं. त्या धक्क्यात तू विसरली असशील, किंवा माझा अहवालच तुला खरा वाटला असेल. ठकू, घाई माझी होती. तसं लिहून आज शाळेत दिलं आहे. मला क्षमा करायची की नाही, ते तू ठरव. पण हे पत्र लेकीला वाचून दाखव. तिला कळू दे, तिच्या आईने विचारलं होतं.

तुझ्याच,
विज्ञानाच्या बाई