विहीणबाईंना पॉझिटिव्ह व्हायचंय

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. शिवणयंत्रावर बसल्या बसल्याच लिहिते आहे, त्यामुळे पायांना हात लावल्याचं तू मनात समजून घे. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तुझा खोकला? चिमणीच्या लग्नाची खरेदी कुठवर आली? माझी तब्येत ठणठणीत. परवाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाल्या, गोळ्या अशाच घेत राहा, रक्तात एचआयव्ही सापडतही नाही, तुमच्यापासून कोणाला काही होणार नाही. (हे वहिनीला मोठ्यांदा वाचून दाखव. मागच्या वेळी मी उठल्या उठल्या तिने माझी खुर्ची फिनाईलने पुसली. मी जिन्यातच होते, वास आला.)

आता तुझ्या पत्राबद्दल. नवऱ्या मुलाची माणसं माझ्याच गावात राहतात, तेव्हा लग्न होईपर्यंत दवाखान्यातल्या त्या केंद्रात जाणं बंद कर, कोणी पाहिलं तर पोरीचं लग्न मोडेल, असं तू लिहिलंस. वाचून डोकंच फिरलं. अरे, जिथे मला माझ्या आजाराबद्दल खालच्या आवाजात बोलावं लागत नाही, अशी तेवढी एकच खोली आहे या गावात. पण चिमणीसाठी तीही सोडायला निघाले होते. म्हटलं, शेवटचं जाऊन सांगून येऊ, आणि नेमका तिथेच घोटाळा झाला.

त्याआधी तुला आमची गुप्तता समजायला हवी. ती आम्ही इतकी कडक पाळतो की साऱ्या दवाखान्याला पाठ झाली आहे. आमची नावं कोणी घेत नाही. त्याऐवजी औषधवाले भाऊ खिडकीतून ओरडतात, "शिवणवाल्या बाई, तुमच्या त्या गोळ्या आल्या हो!" कोणाला कळू नये म्हणून गोळ्या तपकिरी कागदात बांधून देतात, आणि असला तपकिरी कागद अख्ख्या इमारतीत दुसऱ्या कोणालाच मिळत नाही. तो दिसला की बाहेरच्या चहावाल्याच्या बाकावर मला लगेच ऐसपैस जागा होते (माया की भीती, हे अजून उमगलेलं नाही). मध्यंतरी वरून मोठे साहेब आले. आमच्याशी आपुलकीने कसं वागावं याचं प्रशिक्षण घेऊन आले होते. त्यांनी हातमोजे घालून सगळ्यांशी हात मिळवले, फोटो काढवला आणि तो व्हरांड्यात लावला, आमच्या डोळ्यांवर काळी पट्टी मारून. माझी साडी गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांनी ओळखली.

जाता जाता साहेबांनी दारावरची पाटी बघितली. पाटीवर रोगाचं नाव! साहेब हळहळले, रंगाऱ्याला बोलावलं आणि नवी पाटी लागली: 'पॉझिटिव्ह मंडळ. सर्वांचे स्वागत.'

झालं! पुढच्या आठवड्यापासून खोलीत पाय ठेवायला जागा नाही. एक विमा एजंट, एक निवृत्त मुख्याध्यापक, बागेत जमून जोरजोरात हसणारी मंडळी, सगळी विचार सुधारायला हजर. आमच्या समुपदेशक ताई कपाळाला हात लावून बसल्या. बाहेर काढायचं तरी कोणाला? तुम्हाला हा आजार आहे का, असं कोणालाही विचारायचं नाही, हा केंद्राचा पहिला नियम. आणि इथे बाकीच्यांना तो आहे, असं कोणालाही सांगायचं नाही, हा दुसरा. दोन्ही फ्रेम करून भिंतीवर टांगलेत.

तर त्या दिवशी माझ्या शेजारी एक नव्या बाई होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. ओळखी सुरू झाल्या. आमचे ड्रायव्हरकाका म्हणाले, मी बरीच वर्षं पॉझिटिव्ह आहे, आता सवय झाली. बाईंनी वाकून त्यांचं अभिनंदन केलं. भाजीवाली म्हणाली, मला नवऱ्याकडून मिळालं. "नशीबवान आहात," एजंट म्हणाला, "माझी बायको ठार निगेटिव्ह." मग बाईंची पाळी आली. मुलाचं लग्न ठरलंय, मुलगी गुणी आहे, मुलीचे वडील घड्याळं दुरुस्त करतात आणि स्वतः सगळीकडे उशिरा पोचतात (दादा, इथेच माझ्या तोंडचं पाणी पळालं), तरी माझी कुरकुर थांबत नाही, घरचे मला निगेटिव्ह म्हणतात. "लग्नाच्या आत मला काहीही करून पॉझिटिव्ह व्हायचंय!" भाजीवाली ओरडलीच, "अहो बाई, असलं अभद्र बोलू नका!"

बैठक संपून गोळ्यांची खिडकी उघडली, तशा त्याही माझ्या मागे रांगेत. "गोळ्याही देतात? तरीच तुम्ही सगळे एवढे आनंदात!" भाऊंनी कार्ड मागितलं. कार्ड कुठे मिळतं, असं त्यांनी विचारलं, तर भाऊ म्हणाले, पलीकडे रक्त तपासा, पॉझिटिव्ह आलात की लगेच मिळेल. बाई खूश होऊन बाही वर सारत निघाल्या.

गप्प राहिले असते तर तुझी झाकली मूठ झाकलेली राहिली असती. पण मला नाही बघवलं. व्हरांड्यात बाकावर बसवून त्यांना सगळं सांगितलं. आजार कोणता तेही, आणि मी मुलीची कोण तेही (ते गिळायचं ठरवलं होतं, पण एकदा तोंड उघडलं की मला अर्ध्यावर थांबता येत नाही). त्यांनी मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे मी त्या ड्रायव्हरांचं अभिनंदन केलं?" आणि जे हसू फुटलं म्हणतोस! दोघींची पुरेवाट झाली. ताई धावत बाहेर आल्या, "हळू हसा हो, लोकांना कळेल!"

तेव्हा पाणी पी आणि शांत हो. लग्न मोडलेलं नाही. वहिनीला नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझा लोभ आहे असं तू म्हणतोस, तो आता जरा दिसू दे.

तुझी,
धाकटी

ता. क. केंद्रात जाणं मी बंद करणार नाही. विहीणबाईही येतात. नियमाप्रमाणे त्यांना कोणी हाकलू शकत नाही.

ता. क. २ : एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. मी आत्या म्हटल्यावर विहीणबाई चपापल्या. "आत्या? मुलीचे वडील तर म्हणाले, आत्या होती, वारली." मी म्हटलं, दादा सगळीकडे उशिरा पोचतो, हे एकच काम त्याने वेळेआधी उरकलं. त्या हसल्या. घरी आल्यावर मी खूप रडले रे दादा.

ता. क. ३ : लग्नाला मी येते आहे. तुझी पत्रिका आली नाही, पण विहीणबाईंनी मला मुलाकडच्या पाहुण्यांत धरलंय. म्हणजे दारात आमचं स्वागत करायला तूच उभा असशील. मला ओळख दाखवायची की नाही, ते तुझं तू ठरव. चिमणीला तू काय सांगितलं आहेस, ते मला माहीत नाही. पण मला बघून ती धावत आली, तर तिला मध्ये अडवू नकोस.