एकेचाळीस हजारांचं यश

कोस्किला,
४ सप्टेंबर २०१३

चि. इल्मोस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझा टाम्पेरेचा नवा पत्ता आईकडून मिळाला. ई-मेल तू जाहिरात समजून पुसून टाकतोस, म्हणून कागदावर लिहिते आहे. तर चौतीस वर्षांच्या गणिताच्या मास्तराने शाळेतून वर्षभराची बिनपगारी रजा घेतली आणि संगणकावर पोकरच्या स्पर्धा खेळायला बसला. बाबा असते तर काही बोलले नसते. नुसते सरपण फोडायला गेले असते आणि जेवायलाही आत आले नसते.

राउतिओ मुख्याध्यापकांनी तुझी जागा राखून ठेवली आहे, तोवर रीक्का तुझे वर्ग घेते आहे. परत येणार की नाही ते तू तीस एप्रिलच्या आत लेखी कळवायचंस, हे ते मला वाचनालयात येऊन पुन्हा सांगून गेले. पुस्तक न घेताच गेले. आता मला एवढंच सांग, या धंद्यात यश आलं हे ओळखायचं कसं? बटाट्याचं मला कळतं. किती पेरले, किती निघाले.

आईचा गुडघा बरा आहे. माझा लोभ आहेच, टोमण्यांच्या मागे शोधलास तर सापडेल.

तुझी,
हिल्काताई

---

टाम्पेरे,
२२ सप्टेंबर २०१३

ती. हिल्काताईस,
सा. न. वि. वि.

तुझं बटाट्याचं गणित इथे चालत नाही. एका स्पर्धेत हजार-दोन हजार माणसं सारखंच प्रवेशशुल्क भरतात आणि साधारण सातांतल्या एकाला बक्षीस मिळतं. पहिल्या दोघा-तिघांना घसघशीत, बाकीच्यांना शुल्क परत आणि वर कॉफीपुरतं. नशिबाचा वाटा इतका मोठा, की चार-सहा महिन्यांच्या नफ्यातोट्यावरून काहीच ठरत नाही. त्याला निदान दहा हजार स्पर्धा लागतात. म्हणून मी किती वेळा बक्षिसात आलो तेवढंच मोजतो. मी पाचातून एकदा येतो. इतरांपेक्षा हे पुष्कळच बरं आहे, असं मी नाही, आकडे म्हणतात.

आईला सांग, मी वेळेवर जेवतो. तू रागावलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुझा,
इल्मो

---

कोस्किला,
१० नोव्हेंबर २०१३

चि. इल्मोस,
अ. आ. वि. वि.

तुझ्या वेगाने दहा हजार स्पर्धा होईपर्यंत तू अडतिशीला टेकशील. म्हणजे आपण नापास आहोत की नाही हे कळायलाच साडेतीन वर्षं. अशी परीक्षा तू मुलांची घेतली असतीस तर ती तुझ्यावर फार खूश झाली असती.

खेळाडूंच्या बक्षिसांची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर तुझं पान पाहिलं. अर्थात वाचनालयाच्या कामासाठी. एका स्पर्धेत एकशे चाळीस जणांना बक्षीस, तू एकशे अडतिसावा. दुसरीत एकशे तेहतिसावा. तिसरीत एकशे चाळिसावा, तिथे तर तुझं विशेष कौतुक वाटलं. बक्षिसाची रेघ जवळ आली की तू चांगले पत्तेसुद्धा टाकून देत गप्प बसत असणार. पाचातून एकदा येणं म्हणजे पाचातून एकदा लपून बसायला जमणं, एवढाच त्याचा अर्थ दिसतो.

आई गावात सांगते, इल्मो संगणकाचं काम करतो. मी ते खोडून काढत नाही, यातच काय ते समज.

हिल्काताई

---

टाम्पेरे,
९ मार्च २०१४

ती. हिल्काताईस,
सा. न. वि. वि.

तुझं नोव्हेंबरचं पत्र इतकं झोंबलं की चार महिने उत्तर दिलं नाही. पण तू म्हणालीस ते खरं होतं. मी रेघ ओलांडण्यासाठी खेळत होतो, जिंकण्यासाठी नाही. जानेवारीपासून लपणं सोडलं. आता पाचातून नाही, आठातून एकदा बक्षीस मिळतं. आणि काल दोन हजार तीनशे खेळाडूंत मी पहिला आलो. ९,४०० युरो.

आता एकूण बक्षिसं एकेचाळीस हजारांवर गेली आहेत, तुझ्या त्या वाचनालयाच्या कामाच्या पानावर जाहीर आहेत. शाळेतला माझा वर्षाचा पगार साधारण एवढाच होता. तुला कळवताना फार आनंद होतो आहे. तुलाही व्हावा.

इल्मो

---

कोस्किला,
१४ मार्च २०१४

चि. इल्मोस,
अ. आ. वि. वि.

अभिनंदन. हा शब्द लिहिताना माझा हात कापला नाही, याची नोंद घ्यावी. आईने वेलचीचे पाव केले आणि कशासाठी ते कुणालाच सांगितलं नाही, म्हणून साऱ्या आळीला कळलं.

पेरले किती ते मात्र लिहायला विसरलास. पुढच्या पत्रात लिही.

हिल्काताई

---

टाम्पेरे,
१६ एप्रिल २०१४

ती. हिल्काताईस,
सा. न. वि. वि.

पेरले ते असे. एकोणीसशे स्पर्धा, प्रवेशशुल्क एकेचाळीस हजार आठशे युरो. म्हणजे आजवरच्या हिशेबात मी आठशेंनी खाली आहे, आणि पोट बचतीवर भरलं आहे. ती बचत संपली. वेबसाइट फक्त बक्षिसं मोजते, शुल्क मोजत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी तुला मोठा आकडा लिहिला, कारण तो खोटा नव्हता.

मी परत यायचं ठरवलं आणि सोमवारी घरी न डोकावता थेट राउतिओंकडे गेलो. त्यांच्या टेबलावर आपलं गावचं साप्ताहिक होतं. पहिल्याच पानावर मी. “कोस्किलाच्या मास्तरांनी पोकरमध्ये जिंकले एकेचाळीस हजार.” ही बातमी त्यांना कुणी दिली, देव जाणे. मी म्हटलं, सर, मी तोट्यात आहे, मला माझे वर्ग परत हवेत. ते हसले. म्हणाले, शाबास, याला म्हणतात आपल्या मातीतला माणूस. माझा मेहुणाही तळ्यात मासाच नाही म्हणून सांगतो आणि त्याच्या शीतपेटीचं झाकण माशांमुळे लागत नाही.

मी जितकं खरं सांगत गेलो तितका त्यांच्या नजरेत मी नम्र होत गेलो. मग ते हळूच म्हणाले, जागेवर हक्क तुझाच आहे रे, पण रीक्काला दोन लहान मुलं आहेत. तुझ्यासारख्याने तिच्या तोंडचा घास काढावा का? शेजारच्या खोलीत ती वह्या तपासत बसली होती. ताई, मी जागा सोडल्याच्या कागदावर सही करून आलो. श्रीमंत माणसाला दुसरं काय शोभलं असतं?

तीस तारखेला तो कागद पालिकेत जाईल. आईला एवढ्यात काही सांगू नकोस.

इल्मो

---

कोस्किला,
२४ एप्रिल २०१४

चि. इल्मोस,
अ. आ. वि. वि.

बातमी मी दिली. साप्ताहिकाचा संपादक मासिकं चाळायला आला होता आणि मी त्याला वाचनालयाच्या संगणकावर तुझं पान दाखवलं. तुझ्या उत्तराची वाट पाहायला हवी होती. पाहवली नाही. इतके महिने रोज सकाळी वाचनालयाचं दार उघडलं की मी आधी तुझं नाव बघत होते. तुला लिहिताना मात्र जीभ तिखट करून लिहीत होते. मला तुझा अभिमान वाटत होता, इल्मो, आणि तो लपवता लपवता नको तिथे बाहेर पडला.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी शाळेत गेले. कॉफीची सुट्टी होती, सगळे शिक्षक बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं, की माझा भाऊ हरला आहे, त्याची बचत संपली आहे, आणि बातमी मी पसरवली. तुझे आकडे वाचून दाखवले. कुणी हसलं नाही. आपल्या गावात स्वतःबद्दल असं कुणीही बोलतं, पण सख्खी बहीण चारचौघांत बोलत नाही. म्हणून त्यांनी विश्वास ठेवला. राउतिओ उठून खिडकीशी गेले.

रीक्काने तुझा कागद मागून घेतला आणि फाडला. मग कप धुवून जागेवर ठेवला आणि वर्गावर गेली. ऑगस्टमध्ये तू रुजू होशील. तिला अजून दुसरीकडे काही मिळालेलं नाही, मी दोन ठिकाणी विचारलं आहे.

तेव्हा यश कसं मोजायचं हे मी आता विचारणार नाही. ही फेरी तू निर्विवाद जिंकलास. बक्षीस तुझं, शुल्क रीक्काने भरलं. घरी ये आणि पहिल्यांदा तिच्याकडे जा. मी दारापर्यंत तुझ्याबरोबर येईन.

तुझीच,
हिल्काताई