चौथ्या मजल्यावरची गळती

अहो,

आमटी केलीय, भात कुकरमध्ये आहे. वाढून घ्या. मी वर आपल्या भाडेकरणीकडे, निधीकडे गेलेय.

तिच्याकडे येणारी गिऱ्हाइकं बाथरूमची गळती बघायला येतात, असं तुम्हीच मला तिला सांगायला लावलंत. वरचं घर विकायला काढलंय हे कळलं की भाडेकरू पळतात म्हणे! गेल्या महिन्याभरात सात वेळा तिने झोपलेलं बाळ उचललं, खोल्या दाखवल्या, शिवाय चहाही केला. आणि मी, तिला तोंड दाखवायला नको म्हणून लिफ्ट सोडून हे गुडघे घेऊन जिना चढ-उतार करतेय.

आज सकाळी तर एजंटने वास्तुवाल्यालाच आणलं. तो होकायंत्र घेऊन तिच्या देवघरासमोर उभा राहिला. त्यांना दारापर्यंत सोडून मी खाली सटकत होते, तर तिने जिन्यातच गाठलं.

रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "काकू, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. गळती बघायला आलेला माणूस कपाटं कशाला उघडेल? पण सांगताना तुमचा चेहरा इतका उतरला होता, की मीच गप्प बसले. फक्त आदल्या दिवशी सांगत जा, बाळाची झोप बघून वेळ देईन."

एवढंच मागितलं हो तिने.

पाचला पुढची पार्टी आहे ना? घेऊन या. बाळाला मांडीवर घेऊन मी दारातच बसणार आहे. गळती बघायला आलोय, हे आज तुम्ही मला सांगा.

कुंदा