घोळीचं डोकं आणि उडालेला ससाणा

तीर्थरूप रामचंद्रदादाला नेरूळहून धाकट्या जमुनाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली, अर्ध्यातूनच उठले. तेवढाच गोड मानून घे.)

गुडघा कसा आहे? तेल लावतोस की नुसता कण्हतोस? आमचं बरं चाललंय. नसतं तरी तू विचारलं नसतंस. आमच्या मनस्वीला बघायला पाहुणे आले तेव्हा घोळ माशाचं मानाचं डोकं नवरदेवाच्या मामाच्या ताटात गेलं आणि तुझ्या ताटात शेपटी आली, तेव्हापासून चार महिने तू कामोठ्यात फोन बंद करून बसलायस. (वाढताना हात माझाच चुकला. पण एवढा माणूस एका शेपटीवरून उपाशी उठतो?)

तर ऐक माझी फजिती. फोन आला, मॅडम, तुम्हाला डिनर सेट लागलाय, नवऱ्याला घेऊन सानपाड्याच्या हॉटेलात या. शिवरामला इस्त्रीचा शर्ट घालून नेलं. तिथं एका लिपस्टिकवालीने तीन तास फुकटच्या सहलीचे फोटो दाखवले. म्हणते, ताई, समुद्र बघायला आवडेल ना? म्हटलं, बये, जन्म खाडीच्या चिखलात गेला, मला काय समुद्र दाखवतेस! तेवढ्यात शिवराम पेंगला, त्याची मान हलली, तिला वाटलं साहेब हो म्हणाले. पेन त्याच्या हातात जायच्या आत मी त्याला कॉलर धरून बाहेर काढला. डिनर सेट म्हणजे सहा प्लास्टिकचे डबे. एकाचंही झाकण बसत नाही.

मनस्वी पोट धरून हसली. म्हणे, आई, याला इंग्रजीत 'ल्यूर' म्हणतात. पूर्वी तिकडे शिकारी ससाणे पाळायचे. ससाणा उडाला की लवकर यायचा नाही. मग दोरीला पिसांचा झुबका आणि मांसाचा तुकडा बांधून गरगर फिरवायचे, की तो मुकाट मनगटावर. त्या झुबक्याचं नाव ल्यूर. म्हटलं, म्हणजे आपल्या गळासारखंच की! तर म्हणते, नाही गं, गळ मारायला, हे आपलंच पाखरू घरी बोलवायला.

मी गप्पच बसले. (शिवरामने ताप बघितला.)

तुझी,
जमुना

ता. क. : घोळीचं मोठं डोकं बर्फात ठेवलंय. अख्खं तुझं. ताबडतोब ये.

ता. क. दुसरा : लग्न बारा तारखेला आहे. भटजी 'मामा, मुलीला आणा' म्हणतील तेव्हा कोण उठेल? मनस्वी म्हणते, रामामामा न्यायला आला नाही तर मी खोलीतून बाहेर पडणार नाही. पोरगी माझ्यावर गेलीय, खरंच पडणार नाही.

ता. क. तिसरा : दादा, खोटं बोलले. आठवडाभर बाजारात घोळच नाही. डब्यात नुसता बर्फ आहे, तोही झाकणाविना वितळतोय. पण मनस्वीला विचारून घेतलंय, ससाणा परतला की त्याला घास द्यावाच लागतो. बोंबील तळते. पहिलं ताट तुझं, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.