पंगतीतून उठवलेली पानं

देवास, ऑक्टोबर २००४

प्रिय अल्पना,

तुझ्या बाबांची माफी मी मागणार नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की फाडायचं ते तू ठरव.

कंपनीच्या वार्षिक सभेत मी असा काय गुन्हा केला? माझ्या वडिलांनी कामगार कोट्यातून घेतलेले शेअर आता माझ्या नावावर आहेत, म्हणून उभा राहिलो. तुझे बाबा, कंपनीचे मोठे हिशेबनीस यशवंतराव, स्टेजवरून छाती फुगवून सांगत होते की शेअरमागे कमाई वाढली. मी एवढंच विचारलं, नफा गेल्या वर्षीइतकाच आहे, मग वाढलं काय? मागून कोणी ओरडलं, "भिया, बैठ जा, कचोरी ठंडी हो रही है!" सगळे हसले. तूही हसलीस, दुसऱ्या रांगेत.

आता हसू नको. नफा म्हणजे श्रीखंडाचं पातेलं, ते तेवढंच आहे. कंपनीने तिजोरीतले पैसे काढून नव्वद रुपयांनी शेअर परत घेतले आणि रद्द केले. म्हणजे दक्षिणा देऊन पंगतीतली काही पानं उठवली. उरलेल्यांच्या वाट्याला जरा जास्त आलं, तर आचारी म्हणतो, माझं श्रीखंड वाढलं! त्या पैशात नवी मशीन आली असती. आणि उठलेल्या जागी बसणार कोण? साहेब लोक. भाव तीस होता तेव्हाच त्यांना ऑप्शन दिलेत, म्हणजे आज नव्वदचा शेअर त्या जुन्या भावाने, तिसांत घ्यायचा हक्क. पगार वाढवला असता तर खर्चात दिसला असता. याचा मात्र नफ्यातून एक पैसा वजा होत नाही. पुढे आमच्याच वाट्यातून जाणार.

यावर तुझे बाबा माइकवर म्हणाले, बी.कॉम. अर्धवट सोडणाऱ्याने मला हिशेब शिकवू नये. का सोडलं, ते त्यांनाच विचार. तुला इंदूरच्या कॉलेजातून काढून घरी कोणी आणलं? तू नसलेल्या वर्गात माझं डोकं चालेना. मूर्खपणा होता, मान्य. पण भागाकार मला येतो.

काल ते स्वतः आमच्याकडे आले. चहा घेतला, आईला अक्का म्हणाले. मला शेअर विभागात नोकरी, वर पाचशे ऑप्शन, आणि दिवाळीनंतर तुझ्या-माझ्या लग्नाची बोलणी. आधी माफी, मग पुढच्या सभेपासून तोंड बंद. आई आनंदाने रडली. मी नाही म्हटलं. अल्पना, मलाही ते पंगतीतून उठवायला आले होते, दक्षिणा म्हणून तुला पुढे करून. तुला हे ठाऊक होतं का, एवढंच विचारायला लिहितोय. नसेल, तर रविवारी टेकडीच्या पायऱ्यांपाशी ये. असेल, तर येऊ नको. पुढच्या सभेत दिसशीलच, दुसऱ्या रांगेत.

रागासकट तुझाच,
अंशुल