आप्पांना बसवलंय

॥ श्रीगुरुबसवलिंगाय नमः ॥

राणीसावरगाव,
सोमवार

चि. शंभुराज यास थोरल्या भावाचे आशीर्वाद. तुझी आणि सौ. शिवरंजनीची तब्येत बरी असेल, तुझ्या ड्युटीच्या येलदरी धरणात पाणी भरपूर असेल आणि तुझा फोनही ठणठणीत असेल अशी आशा आहे. (फोनचं मला खात्रीनं माहीत आहे, कारण एकवीस वेळा पूर्ण रिंग गेली.) इकडे सगळं क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पोस्टात पाकीट मागितलं तेव्हा मास्तरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग ड्रॉवरमध्ये. दोन्हीकडे फारसं काही सापडेल असं त्यांना वाटलं नसावं. पण मी फोनवर काय दिवे लावतो ते आपल्या दोघांनाही माहीत आहे, म्हणून हा मार्ग.

आप्पा लिंगैक्य होऊन आज एक्केचाळीस दिवस झाले. आपल्यात सुतक पाळत नाहीत, याचा पहिला फायदा टीव्हीला झाला. भागम्मा आत्या मातीला आली ती अजून इथंच आहे. रोज संध्याकाळी साडेसातला ती, तुझी वहिनी आणि शेजारच्या धुरपताबाई 'हाक विहिरीची' नावाची मालिका बघतात. मीही बघतो, कारण दुःखातल्या माणसाला एकटं सोडू नये असं त्या तिघींचं ठरलं आहे, आणि टीव्ही बैठकीतच आहे.

मालिकेत दोन भाऊ आहेत. धाकटा विहिरीत पडला तेव्हा थोरला दोर हातात घेऊन काठावर उभा होता. त्यानं दोर टाकला नाही. का टाकला नाही ते अजून सांगायचं आहे. (त्यांना घाई नाही.) आता धाकटा दर अमावस्येला वर येतो. त्यांच्याकडे अमावस्या आठवड्यातून दोनदा येते. बुडून मेलेल्या माणसाचे कपडे इस्त्रीचे असतात आणि भांगही मोडलेला नसतो. थोरला घरातसुद्धा कोट घालून झोपतो. धाकटा विचारतो, 'दादा, दोर का नाही टाकलास?' थोरला म्हणतो, 'मला तुला काहीतरी सांगायचंय.' लगेच वीज कडाडते, घरातल्या सगळ्यांची तोंडं एकेक करून तीनदा दाखवतात, आणि कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात लागते. असे साठ भाग झाले. आत्या रोज टीव्हीला म्हणते, "सांग की मुडद्या, तोंड शिवलंय का तुझं?" आणि म्हणताना बघते माझ्याकडे. मी पाणी प्यायला उठतो.

मागच्या आठवड्यात तर भांडणच झालं. आत्याचं म्हणणं असं की, त्या पोराला जाळलं म्हणून तो फिरतो. "आपल्यासारखं बसवून माती दिली असती तर फिरायला असता का? गप लिंगैक्य झाला असता." धुरपताबाईंना ते लागलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी आमच्यातले समदे फिरायलेत का? आमचे मालक गेले बारा वर्सं झाले, एक डाव आले न्हाईत." आत्या म्हणाली, "जिते असताना तरी कुठं येळंवर घरी येत होते?" दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी मालिकेचा महाएपिसोड होता म्हणून मिटलं.

शास्त्रानुसार आत्या बरोबर आहे. आपल्यात भूत होत नाही. आप्पा भिंतीतून येऊन मला काही विचारतील ही भीती नाही. आधी मला ही मोठी सोय वाटली. आता तसं वाटत नाही. त्या कोटवाल्याचा मेलेला भाऊ आठवड्यातून दोनदा येतो. माझा जिवंत भाऊ फोन उचलत नाही.

तू का उचलत नाहीस ते मला कळतं. तरी एकदा नीट लिहितो. आप्पांच्या मांडीचं हाड जुळत आलंय, आता त्यांना उठवून बसवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. महिनाभर तू रोज सकाळी फोन करून विचारायचास, "दादा, आप्पांना बसवलं का?" आणि मी रोज सांगायचो, "अजून नाही." (याला आपण दोघं गप्पा म्हणायचो.) आपल्यात माणूस गेला की आंघोळ घालून, विभूती लावून, भिंतीला टेकवून बसवतात आणि बसवूनच माती देतात. हे तुला सांगायला नको. पण त्या दिवशी जे सांगायचं ते सांगितलं नाही, म्हणून आज जास्तीचं सांगतो.

आप्पा पहाटे गेले. तुला कळवायचं राहिलं होतं, तोच सकाळी आठला तुझा नेहमीचा फोन आला. माझ्या हाताला विभूती होती, म्हणून तुझ्या वहिनीनं स्पीकर लावून फोन देवळीत ठेवला. तू विचारलंस, "बसवलं का?" मी म्हणालो, "बसवलंय आप्पांना." तू म्हणालास, "बरं झालं, दादा. सुटलो बघ एकदाचे. आज ड्युटी हाय, उद्या निवांत येतो."

बैठकीत तीस माणसं होती. टाळ वाजत होते, ते थांबले.

आता खरी गोष्ट. तुझी ऐकण्यात चूक झाली असेल, हे मला दुसऱ्या दिवशी तू येईपर्यंत सुचलं नाही असं मी स्वतःला भासवलं. ते खोटं आहे. दहा वाजताच मनात आलं की याला कळलेलं नसणार. शंभू असं बोलणार नाही. परत फोन लावला असता तर तू पाचच्या आत पोचला असतास. पण तीस माणसांसमोर तू ते बोललास याचा राग आला होता, आणि राग मनात धरून गप्प बसणं मला चांगलं जमतं. दुसरं कोणी तुला फोन करणार नव्हतंच, तुझं ते बोलणं ऐकल्यावर कोण करील? पाच वाजता माती दिली. दोर माझ्या हातात होता, शंभू.

दुसऱ्या दिवशी तू आलास ते जीपवर खुर्ची बांधून. पाठीला टेकायला उंच, हाताला गाद्या, आप्पांना उन्हात बसवायला जिंतूरहून घेतलेली. तू विभूती लागलेल्या रिकाम्या भिंतीकडे बघितलंस, खुर्ची खाली ठेवलीस आणि पाणीही न पिता त्याच जीपनं गेलास. मी उंबऱ्यात उभा होतो. मला तुला काहीतरी सांगायचं होतं. वीजही कडाडली नाही, तरी मी थांबलो. माझ्याकडे तर जाहिरातीचंही निमित्त नव्हतं.

आणि गावात अजून बोलतात की धाकट्यानं बाप गेल्यावर 'सुटलो' म्हटलं. मी एक्केचाळीस दिवस ते ऐकतो आणि कापड मोजतो. बाकी दुकान ठीक. वहिनीचे तुला आशीर्वाद. सौ. शिवरंजनीस आशीर्वाद.

तुझा थोरला भाऊ,
राजेश्वर

ता. क. खुर्ची तशीच आहे, तुझी तू घेऊन जा. मी पाठवणार नाही. (ती जीपवर बांधता येते, हे तू दाखवलंच आहेस.)

ता. क. २. पुन्हा घोटाळा नको म्हणून स्पष्ट लिहितो: कालपासून आत्याला बसवलंय. म्हणजे त्या खुर्चीत. प्रकृती उत्तम आहे, मालिका बघते आहे.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तेवढ्यात आत्यानं पत्र मोठ्यानं वाचायला लावलं. ओट्यावर धुरपताबाई आणि आणखी चार-पाच जण होते, त्यामुळं तुझं 'सुटलो' आता गावात दुरुस्त झालं समज. धुरपताबाईंनी पदर डोळ्याला लावला. आत्या मात्र म्हणाली, "येवढं समदं लिहिलास, पण त्यात माफी कुठंय?" मी पानं उलटून बघितली. खरंच नव्हती. म्हणून इथं लिहितो, जागा थोडी उरली आहे. चुकलो, शंभू. मला माफ कर. ये.